आकाश निवडणारी

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटात एक नवीन सभासद आल्या. "तुम्हाला काय काय येतं?" असं विचारलं, तर संकोचून म्हणाल्या, "मला काय येणार ताई? धान्य निवडायचं न् डबे भरायचे." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर मात्र मला अलीकडेच वाचलेल्या एका शास्त्रज्ञ बाईंची आठवण झाली. त्यांचं सगळ्यांत गाजलेलं काम म्हणजे एका अर्थानं निवडणंच!

त्यांचं नाव ख्रिसा कुव्हेलियोटू. जन्म 1953 चा, ग्रीसमधला. ग्रीक भाषेत 'ख्रिसा' म्हणजे सोन्याची, आपली सुवर्णाच म्हणा ना. अथेन्सला पदवी, इंग्लंडमध्ये एम.एस्सी. आणि 1981 मध्ये जर्मनीत म्युनिकला डॉक्टरेट. पुढे अथेन्स विद्यापीठात शिकवलं आणि मग अमेरिकेत 'नासा'च्या कामात त्या रमल्या.

त्यांचा विषय गॅमा किरण. हाड मोडलं की क्ष-किरणांची गाठ पडते. गॅमा किरण त्यांच्याहूनही जोरकस. कर्करोगाच्या रोग्याला कोबाल्टचा शेक देतात, त्यात हेच असतात. कोणी चोरून अणुचाचण्या करतंय का, यावर पाळत ठेवायला अमेरिकेनं उपग्रह सोडले होते. 1967 मध्ये त्यांना गॅमा किरणांचा झोत सापडला, पण तो पृथ्वीवरचा नव्हताच, दूर अवकाशातून आलेला! 1973 मध्ये ही गोष्ट जाहीर झाली आणि शास्त्रज्ञ चक्रावले. कुठून येतात हे स्फोट?

आपलं वातावरण हे किरण अडवतं, म्हणून तर आपण सुखरूप आहोत. पण त्यामुळेच ते पकडायला उपकरण वर न्यावं लागतं. 1991 मध्ये 'नासा'नं कॉम्प्टन वेधशाळा अवकाशात सोडली. तिच्या आठ कोपऱ्यांवर 'बॅट्सी' या उपकरणाचे आठ भाग बसवले होते. प्रत्येकात सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाची एक चकती, चांगली परातीएवढी, सुमारे 50 सेंटिमीटर व्यासाची. आपल्या मिठाचंच हे भावंड. गॅमा किरण त्यावर आदळला की आत बारीकशी चमक उठते. ती चमक मोजायची. कोणत्या कोपऱ्यात जास्त, कोणत्या कमी, यावरून स्फोटाची दिशा कळते.

दिवसाला साधारण एक, असे नऊ वर्षांत 2,704 स्फोट 'बॅट्सी'नं टिपले. एकासारखा दुसरा नाही. एखादा डोळ्याचं पातं लवतंय तोवर संपायचा, तर एखादा मिनिटभर चालायचा. सुरुवातीच्या सव्वादोनशेच्या आसपास स्फोटांची नोंद घेऊन ख्रिसा आणि त्यांचे सहकारी निवडायला बसले. 1993 मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की यात सरळ दोन ढीग पडतात. दोन सेकंदांहून छोटे आणि दोन सेकंदांहून मोठे. छोट्यांचे किरण जास्त कडक. असं का, ते तेव्हा सांगता येत नव्हतं. पण निवड चोख होती.

1998 मध्ये त्यांनी धनू राशीच्या दिशेला, अधूनमधून गॅमा किरण ओकणारा एक विझलेला तारा अभ्यासला. त्याची गिरकी साडेसात सेकंदांची आणि हळूहळू मंदावणारी. त्यावरून सिद्ध झालं, की प्रचंड चुंबकशक्तीचे 'मॅग्नेटार' तारे खरोखरच असतात. पुढच्याच वर्षी त्यांचे पती, खगोलशास्त्रज्ञ यान व्हॅन पाराडाइस, कर्करोगानं गेले. याच स्फोटांच्या संशोधनातले ते मोठे नाव. संसारातला आणि कामातला जोडीदार एकदमच गेला. ख्रिसांनी काम सोडलं नाही. 2021 मध्ये त्यांना मानाचा शॉ पुरस्कार मिळाला.

आणि ते दोन ढीग? 2003 मध्ये नक्की झालं, की मोठे स्फोट महाकाय तारा कोसळताना होतात. 17 ऑगस्ट 2017 रोजी एक छोटा स्फोट दिसला, तो दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा होता. म्हणजे 24 वर्षांनी निवडीचं कारण कळलं! आता काही अपवादही सापडलेत, पण ढीग अजून तेच आहेत. अशा टकरीत सोन्यासारखी जड मूलद्रव्यं तयार होतात. 1998 च्या त्याच मॅग्नेटारवर 2004 मध्ये मोठा भडका उडाला होता. त्यातही अशी मूलद्रव्यं तयार झाली असावीत, असं 2025 मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं. मैत्रिणींनो, आपल्या मंगळसूत्राच्या वाट्यांतलं सोनं अशाच कुठल्या तरी उलथापालथीतून आलं असेल!

मागच्या आठवड्यात पापडांसाठी उडदाची डाळ आली. आमच्या नव्या सभासदांनी मूठभर डाळ हातात घेतली, बोटांनी पसरली आणि म्हणाल्या, "यात जुनी डाळ मिसळलीय. पीठ चिकट होणार नाही." मी विचारलं, "कशावरून?" तर म्हणाल्या, "ते सांगता नाही येत ताई, पण ही वेगळी आहे." थोडी थोडी डाळ भिजवून वाटून पाहिली. बाईंचं खरं निघालं. पोतं परत गेलं.

आता आमच्या गटाची धान्यखरेदी त्याच बघतात. "मला काय येणार?" हे वाक्य मात्र त्यांच्या तोंडून अजून गेलेलं नाही. ते घालवायचं काम आमचं.