चोर घरात शिरला तर

चोरांची अफवा उठली की जुन्या जालन्यातल्या गल्ल्यांत पोरं काठ्या घेऊन जागतात. त्यांना कायदाही माहीत हवा.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ४१ सांगतं: रात्री घर फोडून शिरणारा, जबरी चोरी करणारा किंवा राहतं घर पेटवणारा यांना रोखताना त्यांचा जीव गेला, तरी तो गुन्हा नाही. साध्या चोरीत मात्र जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती हवी. कलम ३७ ची अटही आहे: गरजेपेक्षा जास्त इजा नको आणि पोलिसांना बोलवायला वेळ असेल तर हा हक्कच नाही.

माल राखताना मारल्या गेलेल्याला हदीसमध्ये शहीद म्हटलं आहे. पण फुकहांनीही पायरी ठरवली: आधी आवाज, मग हात, मग काठी. काठीने भागत असेल तर हत्यार नाही.

१६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे जमावाने चोर समजून दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार मारलं. ते चोर नव्हते.

हक्क धोक्यापुरता आहे, रागापुरता नाही. पकडून बांधलेल्या माणसावर पडलेली काठी बचाव ठरत नाही. तो मेला तर खुनाचा गुन्हा लागू शकतो. चोर हाती लागला की काठी खाली ठेवा, ११२ ला फोन करा.