कसबे व पेठा यांचा कारभार आणि त्यांचें उत्पन्न

(१)

जुने कागद जमविणाऱ्यांच्या हातीं एखाद्या कसब्याचें दप्तर लागलें म्हणजे ते प्रथम काय पाहतात, हें येथें सांगावयास नको. शिक्क्याची सनद, निशाण्यांनीं भरलेला महजर, एखाद्या नामांकित पुरुषाचें पत्र एवढें बाजूस निघतें; आणि उरलेले जमाखर्चाचे बंद पुन्हा रुमालांत बांधले जातात. सनद व महजर यांचें मोल कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु लहान शहराचा कारभार कसा चाले व तो कशावर चाले, हा प्रश्न पुढें आला असतां त्याचें उत्तर त्या टाकून दिलेल्या बंदांतच असतें. तें कसें, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

(२)

कसबा म्हणजे परगण्याचें मुख्य गांव. तेथें शेती असे, तसाच अंमलदारांचा राबता व बाजारहि असे. पेठ ही मुख्यतः उदमी लोकांची वस्ती; ती कसब्यास लागून असे, किंवा मोकळ्या जागीं नवी वसविली जाई. कसब्याच्या शेतजमिनीचा कारभार इतर गांवांप्रमाणें पाटील-कुळकर्णी पाहत. पेठेचे वतनदार निराळे. ते शेटे व महाजन. गांवांत जें स्थान पाटलाचें, तें पेठेंत शेट्याचें. आणि कुळकर्ण्याचें लिहिण्याचें काम सामान्यतः महाजनाकडे. व्यापारी आणून वसविणें, बाजार सुरळीत ठेवणें, वजनांमापांवर नजर ठेवणें व सरकारचें येणें उगवून देणें हीं शेट्याचीं मुख्य कामें होत. महजरावर नांगराच्या निशाणीजवळ तागडीची निशाणी दिसली, तर ती उदम्यांच्या बाजूची समजावी.

‘शेटे’ हा शब्द संस्कृत ‘श्रेष्ठिन्’ शब्दावरून आला आहे. उत्तर बंगालमधील दामोदरपूर येथें सांपडलेल्या गुप्तकालीन ताम्रपटांत कोटिवर्ष विषयाच्या कारभारांत नगरश्रेष्ठी, सार्थवाह, प्रथमकुलिक व प्रथमकायस्थ असे चौघे अधिकाऱ्यासमवेत आढळतात. त्यांतील सर्वांत जुना पट गुप्त संवत् १२४, म्हणजे इ. स. ४४३-४४ चा आहे. मात्र शब्द एक म्हणून संस्थाहि अखंड चालत आली, असें अनुमान काढणें धाडसाचें होईल. व्युत्पत्तीवरून शब्दाचें कूळ कळतें. वतनाचें कूळ कळण्यास कागदच लागतो.

पुण्यासारख्या मोठ्या शहरीं पेशवाईंत कोतवाल असे. तंटे तोडणें, बाजारभाव ठरविणें, घरांच्या खरेदीविक्रीची नोंद ठेवणें, येणाऱ्याजाणाऱ्यांची खबर राखणें हीं त्याचीं कामें होतीं. लहान कसब्यास एवढा सरंजाम झेपत नसे. तेथें वरून सरकारचा कमावीसदार व खालून वतनदार, अशा दोघांच्या मेळानें काम चाले.

(३)

उत्पन्नाची मुख्य बाब जकात. तिचे तीन भाग असत. माल भरतांना घेतात ती थळभरीत, माल विकण्याच्या ठिकाणीं घेतात ती थळमोड, आणि छाप उठविण्याबद्दल घेतात तो छापा. जकातीचें उत्पन्न पुष्कळदां मक्त्यानें देत. म्हणजे मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारांत भरी व वसुली आपण करी. दुसरी बाब मोहतर्फा, म्हणजे दुकानदार व कसबी लोक यांच्यावरील कर. त्याशिवाय घरपट्टी, बाजारांतील बैठकीचा आकार आणि वजनेंमापें तपासून छाप मारण्याबद्दलची बटछपाई अशा लहान बाबी असत.

नवी पेठ वसवितांना सरकार हेंच उत्पन्न कांहीं वर्षें सोडून देई. त्या अभयपत्रास कौल म्हणत. घर बांधावें, दुकान घालावें, अमुक वर्षें कर नाहीं, पुढें क्रमाक्रमानें वाढत जाईल, असा त्याचा आशय असे. शहर आधीं भरलें पाहिजे, मग तें सरकारास भरून देईल, हा विचार त्यामागें स्पष्ट दिसतो.

(४)

एवढ्यावरून कसब्याची स्वतःची तिजोरी होती असें वाटेल. परंतु तसें नव्हतें, आणि हीच या विषयांतील मुख्य गोष्ट आहे. जकात व मोहतर्फा सरकारचा, किंवा सरकारनें ज्यास लावून दिला त्या इनामदाराचा. वतनदाराचा मोबदला त्याच्या हक्कांत. दुकानामागें ठरलेली चीज, धान्याच्या गोणींतून मूठभर फसकी, भाजीवाल्यांकडून शेवसबजी, असे हे हक्क बाजारांतच परभारें वसूल होत. रात्रीच्या राखणीचें काम ज्यांच्याकडे, त्यांचाहि हक्क ठरलेला. विहीर, घाट, धर्मशाळा हीं कामें बहुधा सरकार किंवा एखादा धनिक करी. वाईचे घाट व देवळें पाहिलीं असतां रास्ते घराण्याचें नांव पुढें येतें, पेठेच्या खजिन्याचें येत नाहीं. सारांश, प्रत्येक कामास त्याचा हक्क बांधलेला होता. सर्वांच्या कामास सर्वांचा पैसा अशी पिशवी नव्हती.

(५)

ती पिशवी पुढें इंग्रजी अमलांत निघाली, आणि तीहि मोठ्या विलक्षण रीतीनें. सन १८४४ च्या १९ व्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील शहरजकाती, मोहतर्फा व धंद्यांवरील पट्ट्या रद्द झाल्या. पुढें सहाच वर्षांनीं, सन १८५० च्या २६ व्या कायद्यानें, रहिवाशांची इच्छा असेल तेथें दिवाबत्ती, रस्ते व सफाई यांसाठीं कर बसविण्याची मोकळीक मिळाली. या कायद्याचा लाभ विशेषेंकरून मुंबई इलाख्यांतील शहरांनीं घेतला, आणि त्यांतील पुष्कळांनीं घरपट्टीपेक्षां जकातच पसंत केली. नांव तेंच, नाकें तेंच. पैसा मात्र आतां शहराचा झाला. सन १८८२ चा लॉर्ड रिपन यांचा ठराव, १९०१ चा जिल्हा म्युनिसिपालिट्यांचा कायदा, स्वराज्यांत १९६५ चा महाराष्ट्राचा नगरपालिकांचा कायदा व १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती या क्रमानें कारभाराचें रूप ठरत गेलें. आज लोकांनीं निवडलेले नगरसेवक व नगराध्यक्ष एका बाजूस, सरकारनें नेमलेला मुख्याधिकारी दुसऱ्या बाजूस, अशी मांडणी आहे. ती पाहतांना वतनदार व कमावीसदार यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. भेद इतकाच कीं वतन वंशपरंपरेचें होतें, निवडणूक मुदतीची आहे.

महाराष्ट्रांतील नगरपालिकांची जकात सन १९९९ सालीं बंद झाली. तिच्या जागीं सरकारचें सहायक अनुदान आलें. घरपट्टी व पाणीपट्टी शहराकडे राहिली. नाक्यावरचा खोळंबा व त्रास गेला, हें खरें. पण १८५० नंतर शहराच्या हातीं आलेल्या पैशाचा मोठा वांटा पुन्हा वरून येऊं लागला, हेंहि खरें. या पालटाचा अर्थ पुढील संशोधकास लावावयाचा असेल, तर त्यास दोन्ही काळांचे हिशेब लागतील.

(६)

म्हणून हिशेबाच्या कागदांची ओळख करून ठेवावी. वर्षारंभींचा अंदाज तो आजमास. रोजचा जमाखर्च ती रोजकीर्द. बाबवार मांडणी ती खतावणी. वर्षअखेरचा मेळ तो ताळेबंद. आणि अखेरचा झाडा ती झडती. सनदेंत शेट्याचा हक्क लिहिलेला असतो. तो खरोखर किती मिळाला, मक्ता कोणत्या सालीं बुडाला, कौलाची पेठ भरली कीं ओस पडली, हें येथें कळतें. कागद फाटका असला तरी त्यावरील शुहूर सन वाचतां आल्यास त्यांत ५९९ मिळवावे, म्हणजे इसवी सन निघतो. मृगसाल असल्यानें जानेवारीनंतरच्या तारखांस ६०० धरावे.

आतां माझा स्वतःचा दोष सांगतों. सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका बाजारगांवीं रद्दीच्या दुकानांत एका पेठेचें दप्तर माझ्या पाहण्यांत आलें. मीं त्यांतील शिक्क्याची एक सनद घेतली व जमाखर्चाचे दोन रुमाल ‘पुढच्या खेपेस पाहूं’ म्हणून ठेवून आलों. पुढच्या खेपेस ते फटाके करणाराकडे गेले होते. ती सनद आज माझ्यापाशीं आहे. अमुक शेट्यास अमुक हक्क दिला, एवढें ती सांगते. त्या हक्कानें पेठ कशी चालली, हें सांगणारे रुमाल गेले. नगरपालिकांच्या जकात नाक्यांचीं पुस्तकेंहि याच वाटेनें जात असलेलीं मीं पाहिलीं आहेत.

संग्राहकांस एवढीच विनंति आहे कीं, रुमाल फोडूं नये. सनद घ्यावयाची तर तिच्याखालचे बंदहि घ्यावे. जागा नसेल तर ज्या संस्थेस जागा आहे तिच्या स्वाधीन करावे. आणि आपल्या गांवच्या नाक्याचें जुनें पुस्तक कोठें रद्दींत दिसलें, तर तें पेशवाईचें नाहीं म्हणून सोडूं नये.