उरलेले अन्न : वेळेत पोहोचले तरच दान

रुग्णाच्या औषधोपचाराची चिंता अनेक जण वाहतात. त्याच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकाच्या जेवणाची चिंता मात्र बहुधा कोणी करीत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचारांबरोबर रुग्णाच्या भोजनाचा समावेश आहे. सोबत आलेल्या माणसाच्या भोजनाचा नाही. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन, जाफराबाद येथून आलेले सोबती घरून बांधून आणलेल्या भाकरी संपल्या की एक वेळचे जेवण टाळून तो पैसा औषधासाठी राखतात. त्याच दिवसांत शहरातील मंगल कार्यालयांत शिजवलेले अन्न उरत असते. ही दोन टोके जोडू इच्छिणाऱ्या देणगीदारांसाठी व स्वयंसेवकांसाठी हे टिपण आहे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. संत गाडगेबाबांच्या दशसूत्रीचा आरंभच भुकेलेल्यांना अन्न देण्यापासून होतो. शेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, युसूफ मुकाती यांनी डिसेंबर २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली. सभासदांनी आपल्या घरच्या स्वयंपाकातून ताज्या पोळ्या व भाजी आणून द्यावी आणि गरजूंनी ती संकोच न बाळगता घेऊन जावी, अशी ती योजना होती. त्याच महिन्यात मुंबईच्या डबेवाल्यांनी सुभाष तळेकर यांच्या पुढाकाराने रोटी बँक काढली व लग्नसमारंभांत उरलेले अन्न भुकेलेल्यांपर्यंत पोहोचविण्यास आरंभ केला. दोन्ही कार्ये थोर. तथापि त्यांत एक भेद आहे. पहिल्यात ताजे अन्न आधीच बाजूला काढले जाते, दुसऱ्यात समारंभानंतर उरलेले उचलले जाते. हे दुसरे काम अधिक जोखमीचे असते, आणि ती जोखीम वेळेची असते.

शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून असे अन्न सामान्य तापमानात दोन तासांहून अधिक ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हा अवधी आणखी कमी धरावा. भाताचेच पाहा. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू भात शिजला तरी जिवंत राहतात. भात कोमट राहिला की ते वाढून विष निर्माण करतात. उलट्या घडविणारे हे विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही, आणि भाताचा वास वा चव बदलेलच असेही नाही. ‘गरम करून वाटू’ हा समज म्हणूनच घातक आहे. रुग्णाचा सोबतीच उलट्या-जुलाबाने अंथरुणाला खिळला, तर रुग्णाकडे पाहावे कोणी?

शासनानेही या कामास शिस्त घातली आहे. अतिरिक्त अन्नाच्या संकलन व वितरणाविषयी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची २०१९ ची नियमावली १ जुलै २०२० पासून लागू आहे. असे अन्न वाटणाऱ्या संस्थेने नोंदणी करणे व वितरणाच्या नोंदी ठेवणे त्यानुसार अपेक्षित आहे.

स्वयंसेवकांनी व यजमानांनी पुढील पथ्ये पाळावीत, अशी आमची विनंती आहे.

१. कार्याची सूचना आदल्या दिवशीच द्यावी. पंगती उठल्यावर आलेला निरोप बहुधा उशिराचा ठरतो.

२. झाकलेल्या पातेल्यातील, न वाढलेले अन्नच घ्यावे. ताटातील उष्टे कदापि नाही. स्वयंपाक केव्हा उतरवला, ती वेळ भांड्यावर लिहावी.

३. पोळ्या, पुऱ्या, कोरडी बुंदी ही तुलनेने टिकाऊ. वरण-भात, पनीर, बासुंदी, मठ्ठा यांबाबत विशेष दक्षता घ्यावी.

४. हात धुऊन, स्वच्छ पळीने वाढावे. हे अन्न केवळ सोबत्यांसाठी आहे; रुग्णांना ते देऊ नये, कारण त्यांचा आहार ठरवून दिलेला असतो.

५. वाढताना कोणाचेही छायाचित्र काढू नये. घेणाऱ्याची मान खाली जाईल, असे दान आम्हांस नको.

शंका आली तर अन्न नाकारणे, हे स्वयंसेवकाचे सर्वांत कठीण कर्तव्य होय. यजमानांनी त्याचा राग मानू नये. नाकारलेले अन्न गुरांपुढेही ओतू नये. भात-पोळी एकाएकी अति प्रमाणात खाल्ल्याने पोटात आम्ल वाढून जनावरे दगावतात. त्याचे खत करावे.

या कामी पैशापेक्षा तत्पर माणसे, उष्णता टिकविणारे डबे आणि वेळेवर मिळणारे वाहन यांची गरज अधिक आहे. आपल्या घरच्या कार्याचे आमंत्रण देताना या सोबत्यांचेही स्मरण ठेवावे व रुग्णालयाच्या कार्यालयास आगाऊ कळवावे, ही सर्व हितचिंतकांस नम्र विनंती.