शेवट माहीत असूनही आपण का वाचतो?

मंडळी, आपल्या बीड जिल्ह्यातलं राक्षसभुवन घ्या. गेवराई तालुक्यात, गोदाकाठी. १० ऑगस्ट १७६३ रोजी इथे माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. इतिहास एवढं ठामपणे सांगतो.

पण बघा, १७६२ च्या अखेरीस काका रघुनाथराव याच निजामाची मदत घेऊन पुतण्यावर चालून गेले होते. आळेगावला माधवरावांना काकांपुढे नमावं लागलं. वर्षाच्या आत तोच १८ वर्षांचा पुतण्या काकांच्या सोबतीनं निजामाशी लढला. तेव्हा त्याच्या मनात काय चाललं असेल? सनावळीत याचं उत्तर नसतं.

कादंबरीकार तिथूनच सुरुवात करतो. माधवरावांवरची रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली. हा पेशवा २७ व्या वर्षी थेऊरला वारला, हे ठाऊक असूनही आपण पानं उलटत राहतो. कारण पात्रांना उद्याचं ठाऊक नसतं, आणि आपल्यालाही आपलं नसतं. ओढ लागते ती याचीच.

एक पथ्य मात्र पाळू या. कादंबरीतला संवाद पुरावा म्हणून कुणाला सांगायचा नाही. त्यासाठी इतिहासाचंच पुस्तक उघडायचं.