पोलिसांचा माग आणि घरांतील मौन

पालघरपासून बोईसर-तारापूरच्या वसाहतींपर्यंत आज मुलांच्या हातीं मोबाईल आहे. आणि त्या वाटेनें शिरणाऱ्या चोरास भिंत आड येत नाहीं, कीं कुलूप. त्याचा माग पोलीस कसा काढतात, हें प्रत्येक कुटुंबानें जाणून घेणें अगत्याचें आहे.

मुलांचीं अश्लील चित्रें आढळल्यास अमेरिकेंतील कंपन्यांस तेथील बेपत्ता व शोषित बालकांच्या राष्ट्रीय केंद्रास कळवावें लागतें. 2019 मध्यें आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानें या केंद्राशीं करार केला व ती माहिती राज्यांकडे येऊं लागली. महाराष्ट्र सायबर विभागाची ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ ही मोहीम तिच्याच आधारें चालली. आयपी क्रमांकावरून इंटरनेट पुरविणारी कंपनी, तिच्याकडून ग्राहक आणि ग्राहकावरून घर, असा माग लागतो. मग यंत्र जप्त होऊन न्यायवैद्यक तपासणीस जातें.

परंतु हा माग पुष्कळदां पीडित मुलाच्या घरींच हरवतो. अब्रूच्या भयानें वडीलमाणसें संदेश पुसून टाकतात आणि पुरावा नाहींसा होतो. वस्तुतः 2012 च्या पोक्सो कायद्यानें असा गुन्हा कळविणें सर्वांस बंधनकारक आहे. वृत्तपत्रांस मुलाची ओळख उघड करण्याची मनाई आहे. आणि जबाब मुलाच्या घरीं, शक्यतो स्त्री अधिकाऱ्यानें, गणवेश न घालतां घ्यावयाचा असतो. तेव्हां संदेश न पुसतां 1098 या क्रमांकावर वा पोलीस ठाण्यांत कळवावें. मुलास दोष न देतां त्याचें ऐकून घेणारें एक तरी वडीलमाणूस घरांत असेल, तरच मूल बोलतें, आणि तेथूनच तपासास आरंभ होतो.