चौकोनी गाडी, रोजचा माल

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात सकाळी रस्त्यावर नजर टाकली, की आखूड नाकाची, सपाट पाठीची, बहुधा पांढरी अशी एक चौकोनी गाडी दिसतेच. एकीत बेकरीचे ट्रे असतात, दुसरीत केटररची पातेली, तिसरीत साउंडवाल्याचे स्पीकर, चौथीत शाळेची मुलं. १९८४ मध्ये ती ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली आणि १९८८ मध्ये ‘ओम्नी’ झाली. पस्तीस वर्षं राबून २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. २०१० मध्ये आलेली ‘इको’ आता तेच काम करते. छोट्या धंद्याच्या कित्येक पिढ्या या दोन गाड्यांवर उभ्या राहिल्या. तरी त्या कशा निवडाव्यात आणि त्यांत काय बदल करावेत, याचा विचार बहुतेक वेळा गाडी दारात आल्यावर सुरू होतो. तो आधी व्हायला हवा.

या गाडीचा आकार जपानी करनियमांतून आला. जपानमध्ये ‘केई’ नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे. ठरलेल्या मापात बसणाऱ्या गाडीला तिथे कर कमी पडतो. १९७६ च्या नियमाप्रमाणे लांबी ३.२ मीटर, रुंदी १.४ मीटर आणि इंजिन ५५० सीसी, यापलीकडे जाता येत नव्हतं. एवढ्या चौकटीत जास्तीत जास्त जागा काढायची, तर भिंती उभ्या हव्यात, छप्पर सपाट हवं आणि इंजिनासाठी पुढे वेगळं नाक ठेवून चालणार नाही. म्हणून इंजिन पुढच्या सीटखाली गेलं. सुझुकीची ‘कॅरी’ अशी घडली आणि तिचंच भारतीय रूप म्हणजे ओम्नी. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ३३७० मिलिमीटर लांबी, १४१० रुंदी. इकोची रुंदी १४७५ मिलिमीटर आहे. केईची रुंदीची मर्यादा १९९८ मध्ये १.४८ मीटर झाली, तिच्यातही ती बसते. पुण्याच्या पेठांत किंवा कोल्हापूरच्या जुन्या गल्ल्यांत, दोन्ही बाजूंना दुचाकी लावलेल्या असताना ही गाडी आत शिरते, ती या नियमाच्या जोरावर.

इकोच्या जन्माची हकिकत तर धडा घ्यावा अशी आहे. २००१ मध्ये मारुतीने ‘व्हर्सा’ आणली. ऐसपैस, दोन एसींची, जाहिरातीत अमिताभ आणि अभिषेक बच्चन. ती चालली नाही. पुढे त्याच सांगाड्यातली चैन काढून टाकली, किंमत खाली आणली आणि २०१० मध्ये तीच गाडी इको म्हणून बाजारात आली. ती चालली, आजही चालते आहे. माल वाहणाऱ्याला गाडीत काय हवं आणि काय नको, हे याहून स्पष्ट कुणी सांगू शकणार नाही. काम वाढवायचं असेल, तर गाडीत भर घालण्याआधी तिच्यातलं काय काढता येईल ते बघावं.

यंत्राची मांडणीही मालाला सोयीची आहे. ओम्नी आणि इको दोन्हींत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते. माल मागे भरला, की वजन त्याच चाकांवर येतं आणि त्यांची पकड वाढते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं उलट होतं. मागे भार टाकून घाट चढायला लागलो, की पुढची बाजू हलकी होते आणि ओल्या रस्त्यावर चाकं घसरू लागतात. कुंभार्ली घाटात पावसाळ्यात भरलेली गाडी नेणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. या मांडणीची किंमतही आहेच. इंजिन सीटखाली असल्यामुळे उष्णता आणि आवाज चालकापर्यंत येतात, आणि दुरुस्तीसाठी सीट उचलावी लागते.

आता निवड. सुरुवात शोरूमपासून न करता मालापासून करावी. आपल्या सर्वांत मोठ्या नगाची लांबी, रुंदी, उंची टेपने मोजावी. भाजीचा प्लास्टिकचा क्रेट साधारण ६० बाय ४० सेंटिमीटरचा असतो. फरशीवर असे किती क्रेट बसतात, ते कागदावर आखून बघावं आणि मागच्या चाकांचे उंचवटे आत येतात, ती जागा वजा करावी. गाडी आतून कितीही रुंद असली, तरी नग दारातून आत जायला हवा, म्हणून सरकत्या दाराची आणि मागच्या दाराची उघडीप वेगळी मोजावी. त्यानंतर वजन. फुलांच्या पाट्यांनी गाडी छतापर्यंत भरली, तरी वजन फारसं होत नाही. पाण्याचे वीस लिटरचे वीस जार ठेवले, की चारशे किलो झाले, आणि डोळ्यांना गाडी अर्धी रिकामीच दिसते. माहितीपुस्तिकेत गाडीचं भरलेलं कमाल वजन आणि रिकामं वजन दिलेलं असतं. त्यांतला फरक म्हणजे आपली मर्यादा, आणि चालक व मदतनीस त्यातच धरायचे.

हा हिशेब झाला, की उत्तर बहुधा आपोआप समोर येतं. रोज फक्त माल असेल, तर इकोचं कार्गो मॉडेलच घ्यावं. मागे सीट नसतात, फरशी सपाट असते आणि चालकाच्या पाठीमागे आडोसा असतो. आठवड्यात पाच दिवस घर आणि दोन दिवस माल असा संसार असेल, तर वॅगन आर बरी. २०१९ नंतरच्या मॉडेलची डिकी ३४१ लिटरची आहे आणि मागची सीट पाडली, की शिलाई मशीन किंवा कापडाचे तागे सहज बसतात. नग उंच किंवा ओबडधोबड असेल, वाळू-सिमेंट-लोखंड असेल, तर बंद गाडीचा नादच सोडावा. त्यासाठी टाटा मोटर्सने २००५ मध्ये आणलेला एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’ आहे.

जुनी ओम्नी घ्यायची असेल, तर आधी तिच्या खाली वाकून बघावं. पत्र्याला गंज कुठे धरला आहे, विशेषतः दारांच्या उंबऱ्यात, चाकांच्या कमानीत आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठकीपाशी, ते टॉर्च मारून बघावं. मासळीचं खारं पाणी, दुधाची गळती, भाजीचा ओलावा हे सगळं फरशीच्या रबरी मॅटखाली साचतं. मॅट उचलूनच सौदा करावा. सरकतं दार पूर्ण उघडून, अर्ध्यावर सोडून, पुन्हा लावून बघावं. ते अडखळत असेल, तर खालच्या पट्टीत माती भरलेली असते किंवा रोलर झिजलेला असतो. दिवसातून पन्नास वेळा उघडायचं दार सुतासारखं सरळ सरकायला हवं.

गाडी आली, की पहिलं काम फरशीचं. जाड पुठ्ठा आत अंथरून, कडेचे उंचवटे, सीटच्या खुंट्या, चाकांच्या कमानी पेन्सिलीने उतरवून घ्याव्यात. तो पुठ्ठा कापून नीट बसला, की त्यावरून बारा मिलिमीटरचा पाणीरोधक प्लायवूड कापावा. कडांना ॲल्युमिनियमची पट्टी लावावी, म्हणजे क्रेट ओढताना प्लाय उसवत नाही. प्लाय एकसंध न ठेवता दोन तुकड्यांत करावा, म्हणजे आठवड्याला उचलून खालची फरशी कोरडी करता येते. मात्र फरशीला भोक पाडून स्क्रू मारायचा मोह टाळावा. खालून पेट्रोलची टाकी, इंधनाच्या नळ्या आणि ब्रेकचे पाइप जातात. कारखान्यातून आलेली बोल्टची भोकं वापरूनच फळी अडकवावी.

दुसरं काम माल बांधण्याचं. जोरात ब्रेक लागला, की पंचवीस किलोचं पातेलं थांबत नाही, ते चालकाच्या पाठीवर येतं. कार्गो मॉडेलमधला आडोसा म्हणूनच काढू नये. सुतळी सैल होते. कड्यांमध्ये अडकवून खटक्याने आवळायचे पट्टे वापरावेत. जड नग खाली, मधल्या भागात आणि पुढच्या आडोशाला टेकून, हलके वर. शेवटच्या थांब्यावर उतरवायचा माल सर्वांत आधी भरावा, नाहीतर प्रत्येक दुकानापुढे अर्धी गाडी रिकामी करावी लागते.

तिसरी गोष्ट टायरची. या गाड्यांना हलक्या मालवाहू वर्गाचे, नावात ‘एलटी’ असलेले टायर येतात. त्यांच्या भिंती जाड असतात. पैसे वाचवायला साधे कारचे टायर बसवू नयेत. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीला हवा वेगवेगळी लागते.

गॅरेजमध्ये सर्वांत जास्त सुचवला जाणारा बदल म्हणजे ओम्नीच्या मागच्या स्प्रिंगला ‘एक पाटा वाढवणे’. मग भाराने गाडी खाली बसत नाही, म्हणून मालकाला वाटतं, आता जास्त भार चालतो. पण ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेकही तेच. बसण्याचं दृश्य फक्त लपतं. रिकामी गाडी मग खड्ड्यात उडते आणि पाटा वाढवल्याचे पैसे पुढे बेअरिंगवर जातात. टपावर कॅरिअर टाकून भार वर नेणंही असंच धोक्याचं. एवढ्या अरुंद गाडीचा तोल वळणावर जायला फार लागत नाही. उलट छोट्या बदलांनी खरा फायदा होतो. मागची काच मालाने झाकली जाते, म्हणून बाहेरचे आरसे मोठे हवेत आणि मागे कॅमेरा हवा. भरलेल्या गाडीचं नाक वर उठतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून दिव्याचा झोत खाली घ्यावा.

बाहेरून सीएनजी किट बसवायचं असेल, तर टाकीची जागा आणि वजन मालाच्या मर्यादेतून जातं, हे लक्षात ठेवावं. नोंद आरसीवर झालीच पाहिजे आणि टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते.

कागदांकडे दुर्लक्ष करणारा मालक स्वतःच्याच धंद्यावर जोखीम ओढवून घेतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. सीट कायमच्या काढून प्रवासी गाडीची मालगाडी करण्यापेक्षा पहिल्यापासून मालगाडी म्हणून नोंदलेली घेणं म्हणूनच शहाणपणाचं. भाड्याने माल वाहायचा, तर पिवळी पाटी लागते. फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं. मात्र एकूण वजन तीन हजार किलोंपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. खासगी विम्यावर भाड्याचा माल नेताना अपघात झाला, तर दावा अडकतो. एवढा एक मुद्दा कागदांचा सारा खर्च पटवून देतो.

सुरक्षेबद्दल सरळ बोलायला हवं. आखूड नाक म्हणजे समोरून धडक बसली, तर चालक आणि संकट यांच्यात अंतर कमी. गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या इकोची चाचणी केली, तेव्हा तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. नव्या सुरक्षा नियमांत बसवणं अवघड झालं, म्हणून ओम्नीही थांबली. तेव्हा नवी घेणाऱ्याने आजच्या नियमांप्रमाणे एअरबॅग आणि एबीएस असलेलीच गाडी घ्यावी. जुनी वापरणाऱ्याने ती शहरात, बेताच्या वेगात चालवावी, महामार्गावर पळवू नये.

ही गाडी गरिबाची म्हणून हिणवली जाते, ते मला पटत नाही. कमी लांबीत, कमी इंधनात, कमी खर्चात एवढी मोकळी जागा देणारं दुसरं यंत्र आपल्या रस्त्यांवर क्वचितच आहे. तिच्याकडून मर्यादेइतकं काम रोज घेतलं, तर ती दहा-बारा वर्षं धंदा ओढते. दुप्पट भार टाकला, तर तीन वर्षांत मोडते, आणि त्या दुप्पट भाराची कमाई गॅरेजलाच देऊन रिकामं व्हावं लागतं. मालक टेप, वजनकाटा आणि आरसी या तिघांचं ऐकेल, तर बाकीचं काम गाडी बिनबोभाट करते.