श्वास न तोडता

लोणारच्या विवराच्या काठावर उभं राहून वायव्येकडे सरळ रेघ मारली, तर सत्तरेक किलोमीटरवर असई लागतं. जालना जिल्ह्यातलं लहानसं गाव, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातलं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांवर आर्थर वेलस्ली तिथे चालून गेला. शाळेत आपण या लढाईची तारीख पाठ केली, तोफा आणि तह पाठ केले. त्या दिवशी त्या शिवारात बॅगपाइपही होते, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

वेलस्लीच्या फौजेत स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या दोन पलटणी होत्या, ७४वी आणि ७८वी. शिंद्यांच्या तोफांनी ७४वीची जवळजवळ चाळण केली. दोन्ही बाजूंची माणसं शेकड्यांनी पडली आणि त्यांत आपल्या मुलखातली पोरं किती असतील, या विचाराने आजही गलबलून येतं. त्या धुमश्चक्रीतली एक बारीकशी घटना हायलँडर पलटणींचा इतिहासकार डेव्हिड स्टुअर्ट याने १८२२ मध्ये लिहून ठेवली. वाजंत्र्यांनी वाद्यं खाली ठेवावीत आणि जखमींना उचलून मागे डॉक्टरांकडे न्यावं, असा हुकूम झाला. ७८वीच्या एका पाइपरला वाटलं, हुकूम आपल्यालाही आहे. त्याने पाइप बाजूला ठेवला आणि जखमींना मदत केली.

लढाई संपल्यावर सोबत्यांनी त्याला धारेवर धरलं. बासरी, सनई वाजवणारे मागे गेले तर समजू शकतो, पण पाइपर? त्याने लढाईच्या ऐन तोंडावर असायला हवं! माणुसकीचं काम करून आलेला माणूस आपल्याच पलटणीत मान खाली घालून फिरू लागला.

हा राग मला आधी निर्दयपणाचा वाटला. हे वाद्य समजून घेत गेलो, तेव्हा त्याचा उगम उमगला.

आपल्या पखालीसारखी एक पिशवी डाव्या काखेत धरलेली असते. वादक नळीतून तिच्यात हवा भरतो. नळीच्या तोंडाशी झडप असल्यामुळे भरलेली हवा परत तोंडाकडे येत नाही. श्वास घ्यायची वेळ आली की तो काखेने पिशवी दाबतो. म्हणजे फुफ्फुसं थांबली तरी पिशवी फुंकत राहते. खांद्यावर तीन लांब नळ्या असतात. त्यांतून एकच सूर अखंड वाहतो, दोन नळ्या वरच्या पट्टीत आणि एक त्याखाली आणखी एका सप्तकाने. हा त्यांचा तंबोराच. बोटांखालच्या चौथ्या नळीवर नऊ सूर असतात, त्यांच्यावरच सगळी चाल उभी राहते.

आता अडचण बघा. सनईवाला जीभ लावून सूर तोडू शकतो, फुंक हलकी-जड करू शकतो. पाइपरला यातलं काहीच करता येत नाही. पिशवीतली हवा पत्तीवर सतत आदळत असते आणि आवाज एकाच उंचीवर राहतो. मग ‘सा सा’ असे दोन सूर लागोपाठ कसे वाजवायचे? ते चिकटून एकच होतील. म्हणून दोन सुरांच्या मध्ये डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसरं बोट उचलून कण लावायचा. पाइपची सगळी कारागिरी या कणांत आहे. जोर, हळुवारपणा, विराम, हे सगळं वादक केवळ कणांनी आणि सुरांच्या लांबी-आखूडपणाने भासवतो. शांतता नावाची गोष्टच ज्या वाद्याकडे नाही, त्यावर शोकगीत वाजवून माणसं रडवायची, ही मला चमत्काराहून कमी वाटत नाही.

त्या चमत्काराची शाळा स्काय बेटावर होती. डनव्हेगनच्या मॅक्लाउड सरदारांकडे मॅक्रिमन घराण्यातले पाइपर वंशपरंपरेने चाकरीला होते आणि बोररेग इथे शिष्य त्यांच्याकडे शिकायला राहत. त्यांचं शास्त्रीय संगीत म्हणजे पीब्रॉख. आधी संथ मूळ चाल, तिला गेलिक भाषेत ‘उर्लर’ म्हणतात, म्हणजे शब्दशः जमीन. मग त्या जमिनीवर एकेक थर चढत जातो, कण दाट होत जातात, आणि शेवटी वादक पुन्हा मूळ चालीवर येऊन थांबतो. विलंबितापासून द्रुतापर्यंतचा प्रवास ज्याने ऐकला आहे, त्याला हे परकं वाटणार नाही.

मला सर्वांत जास्त चकित केलं ते त्यांच्या शिकवण्याच्या रीतीने. स्वरलिपी न वापरता गुरू चाल तोंडाने म्हणायचा: हिहोरोदो, हिहारिन. या अक्षरांना अर्थ नाही, पण त्यांत हिशेब आहे. ढोबळमानाने सांगायचं तर स्वर मुख्य सूर सांगतो आणि व्यंजन त्याला जोडलेला कण. तबल्याचे बोल जसे पढंत करून पोराच्या अंगात मुरवतात, अगदी तसं. शिष्य महिनोन्‌महिने लहानशा सरावनळीवर बोटं बसवतो, मोठा पाइप त्याच्या हाती नंतर येतो.

इतक्या मेहनतीने घडलेला माणूस पोट कशावर भरायचा? सरदार होते तोवर सरदारावर, पुढे पलटणीवर. पण ब्रिटिश सैन्याने पाइपरला अधिकृत जागा दिली ती १८५४ मध्ये. असईचा आपला पाइपर त्याच्या अर्धशतक आधीचा. त्याचा आधार काय, तर पलटणीचं प्रेम. ते त्या एका दुपारी गेलं.

पुढच्या काळातल्या नामवंतांची आयुष्यं वाचतानाही हीच ओढाताण दिसते. २० ऑक्टोबर १८९७ रोजी वायव्य सरहद्दीवरच्या दर्गाईच्या चढणीवर गॉर्डन हायलँडर्सच्या जॉर्ज फिंडलेटरच्या पायांत गोळ्या लागल्या. तो दगडाला टेकून बसला आणि वाजवत राहिला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नंतर तो लंडनच्या नाट्यगृहांत पाइप वाजवू लागला तेव्हा मोठमोठ्यांना ते पदकाला कमीपणा आणणारं वाटलं. मला त्यात कमीपणा दिसत नाही, त्याची कला होती आणि त्याला जगायचं होतं. पुढे त्याने शेती केली.

विली रॉसची गोष्ट मात्र सुखाची आहे. तो आईकडून शिकला, स्कॉट्स गार्ड्समध्ये गेला आणि १९१९ पासून जवळजवळ चाळीस वर्षं एडिंबराच्या किल्ल्यावर लष्कराच्या पाइपरांना घडवत राहिला. डोनाल्ड मॅक्लाउड १९४० मध्ये फ्रान्समध्ये जर्मनांच्या हाती सापडला आणि निसटला. सैन्यातून निवृत्त झाल्यावर ग्लासगोत त्याने पाइप बनवण्याच्या धंद्यात भागी घेतली, आणि शिष्यांसाठी दोनशेहून जास्त पीब्रॉख ध्वनिमुद्रित करून ठेवल्या, त्याही बोल गाऊन. स्कायची ती तोंडी शाळा टेपवर उतरली. ग्लासगोतच १९४४ मध्ये पाइपचं महाविद्यालय उभारणाऱ्यांतला शेमस मॅकनील विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचा.

आणि आपल्याकडे? इंग्रज गेले, पाइप राहिला. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात पाइप बँड आहे, आणि लष्करी वादकांचं शिक्षण सातपुड्यात पचमढीला चालतं.

पण तुटू न देता फुंकण्याची विद्या आपल्याकडे कुणा पलटणीच्या मागून आलेली नाही. गारुड्याची पुंगी घ्या: भोपळ्याची हवेची कोठी, खाली दोन नळ्या, एकीवर चाल, दुसरीवर आधाराचा सूर. पालघरच्या वारल्यांचा तारपा तर तिचा धिप्पाड भाऊ. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, मेणाने बुजवलेले सांधे आणि ताडपत्राचा लांबलचक कर्णा. इथे पिशवी नाही, वादकाचे गालच पिशवी. नाकाने श्वास घेता घेता गालांत साठवलेली हवा तो बाहेर ढकलतो आणि सूर तुटत नाही. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा नव्वदी ओलांडल्यावरही तारपा फुंकतात, स्वतः बनवतातही. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तारपकरी सूर बदलतो तशी नाचणाऱ्यांची पावलं बदलतात. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत नाचणाऱ्यांचा तो सर्पिल फेरा जगाने पाहिला. फेऱ्याच्या आत वाजवणारा थांबला, तर साखळीतल्या प्रत्येकाचं पाऊल अधांतरी राहील.

असईच्या त्या शिपायांचा राग मला इथे कळतो. बासरी थांबली तर गाणं थांबतं. पाइप थांबला तर ज्यावर पावलं टेकायची ती जमीनच जाते.

त्या पाइपरला संधी दोन महिन्यांनी मिळाली, तीही आपल्या वऱ्हाडात. २९ नोव्हेंबर १८०३, अकोला जिल्ह्यातलं आडगाव. पलटण पुढे निघाली आणि त्याने पिशवी काखेत घेतली. तो अशा त्वेषाने वाजवू लागला की शिपाई ओळ मोडून वेळेआधीच धावत सुटतील असं झालं, त्यांना आवरणं कठीण होऊन बसलं. शेवटी कर्नलला पाइपरलाच गप्प करावं लागलं.

स्टुअर्टने त्याचं नाव लिहिलेलं नाही. गेलेला मान थोडाफार परत मिळाला, एवढंच लिहिलं आहे. गप्प करावं लागलं, हे वाचताना माझ्या कानांत येतो तो पिशवीतल्या उरलेल्या हवेचा आवाज. बोटं थांबतात, काख सैल होते, आणि तिन्ही नळ्या बेसूर होत होत एकेक करून विझतात. आडगावच्या शिवारात तेवढे दोन-तीन क्षण तो घरघरता सूर तोफांच्या खाली ऐकू आला असेल.